आंटी पाववालीची न उघडणारी फाईल

मी एक फाईल बोलतेय. दचकू नका, कचेरीतली ती लाल फीत बांधलेली नव्हे. ती आमच्यातली थोरली, आणि ती बोलत नाही, नुसती या टेबलावरून त्या टेबलावर जाते. मी कॉम्प्युटरमधली. जिच्यावर तुम्ही दोनदा टिचकी मारता आणि उघडली नाही की "ह्या बयेला झालंय तरी काय!" म्हणून खेकसता, ती. तर बयेला काय झालं होतं ते आज बयाच सांगतेय. जरा बूड टेकून ऐका.

माझा जन्म आमच्या घानातल्या न्सावाम गावचा. अक्राहून कुमासीला जाणारा हमरस्ता आमच्या अंगणातूनच जातो म्हणा ना. सकाळची वेळ होती. गाड्यांचे भोंगे, धुरळा आणि भट्टीतून निघालेल्या पावाचा वास. असाबेआबाईंच्या एप्रनच्या खिशात एक फोन होता, त्या फोनचं एक लाल बटण बाईंनी अंगठ्याने दाबलं आणि मी जन्माला आले. सुईण नाही, बारसं नाही. फोननेच माझं नाव ठेवून टाकलं, 'रेकॉर्डिंग चौदा'. नावापुढे एक टिंब आणि टिंबापुढे तीन खुणांचं इवलंसं शेपूट.

या शेपटाकडे नीट बघून ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

त्या फोनमध्ये माझी भावंडंही होती. एकात चर्चमधलं अर्धं गाणं, एकात नुसती खिशातली खसखस, आणि एकात बाई स्वतःशीच "हॅलो? हॅलो? अगं बोल की!" म्हणून फोनलाच दटावताहेत. सगळी अशीच चुकून जन्मलेली. बाईंनी ठरवून, घसा खाकरून जन्माला घातलेली मी एकटीच, म्हणून मला तेव्हापासून थोडा तोरा आहे.

असाबेआबाई म्हणजे अख्ख्या रस्त्याच्या आंटी पाववाली. साठी उलटलेली, अंगाने भरलेली, पण गाडीचा वेग कमी झाला रे झाला की डोक्यावरची पावाची पाटी जराही न हलवता अशी धावायची की तरण्या पोरी मागे राहायच्या. "पाव! गरम पाव! साखरेचा घ्या, लोण्याचा घ्या!" आवाज असा खणखणीत, की झोपलेला उतारू आधी हात खिडकीबाहेर काढायचा आणि मग डोळे उघडायचा.

तिला एक मुलगी, ओतुबेआ. पार उत्तरेला, तमालेला शाळेत शिकवायची. पोर गुणाची, पण आईसारखीच फटकळ. माझ्या जन्माच्या आधी थोडेच दिवस दोघींचं फोनवर वाजलं होतं. माझ्या भावंडांनी ते फोनच्या पोटात बसून ऐकलं होतं आणि मला तिखटमीठ लावून सांगितलं.

"आई, आता पुरे," मुलगी म्हणाली. "तुझ्या वयाच्या बायका सावलीत बसून नातवंडांच्या वेण्या घालतात. तू डोकं उन्हात तापवून गाड्यांमागे धावतेस. एक दिवस तिथेच पडशील. आणि त्या रस्त्यानं माझ्या शाळेतली माणसं अक्राला जातात. मला लाज वाटते."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. निसटलं ते निसटलंच.

"लाज वाटते?" आई म्हणाली. "ह्याच पावावर तू मास्तरीण झालीस, मास्तरीणबाई!" आणि फोन ठेवला. त्यानंतर दोघींनीही एकमेकींना फोन केला नाही. दोघींनाही वाटायचं, समोरची करेल.

मग एके सकाळी आईने माझ्यात काहीतरी बोलून ठेवलं. काय बोलली ते मी आत्ता सांगणार नाही. तेव्हा मला तोंड नव्हतं; आता आहे, तर जरा भाव खाते. एवढंच सांगते, की हे पाठवायचं कसं ते बाईंना ठाऊक नव्हतं. धाकट्या बहिणीला, कम्फर्टमावशीला, त्या म्हणाल्या, "ओतुबेआसाठी फोनमध्ये बोलून ठेवलंय गं. ईस्टरला आली की ऐकव तिला."

ईस्टर आला नाही. म्हणजे आला, पण बाई नव्हत्या. भट्टीत पाव सारता सारता त्या खाली बसल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. मुलीला काही ते चांगलं वाटलं नाही.

तमालेहून रात्रंदिवस बस करून ओतुबेआ आली. मावशीने फोन तिच्या हातात दिला आणि निरोप सांगितला. पोरीने मला फोनमधून कापून आपल्या लॅपटॉपवर चिकटवलं. नक्कल करून ठेवायची सोडून कापूनच आणलं, त्यामुळे फोनमध्ये माझी खूणही उरली नाही. अख्ख्या जगात मी एकच. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येतंय?

आता तुम्हाला वाटेल, तिने मला लगेच ऐकलं असेल. छे! रोज लॅपटॉप उघडायची, बाण माझ्या डोक्यावर आणून ठेवायची आणि तसाच बाजूला घ्यायची. एकदा तर मावशीला म्हणाली, "तिने मला शिव्या घातल्या असल्या तर काय करू? परत भांडायला ती आहे का आता?" मावशीने तिला जवळ घेतलं. मी तिथेच होते, सगळं माहीत असून गप्प. आमच्या जातीला ह्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

इथे ओफेईमामा प्रवेश करतात. बाईंचे थोरले भाऊ. आमच्याकडे आईकडचं कुळ चालतं, त्या कुळाचे हे प्रमुख. रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे जगात सगळं वेळापत्रकाप्रमाणे आणि पूर्ण नावानिशी व्हावं असा आग्रह. अंत्यविधीचे मांडव, खुर्च्या, पोस्टरं, भाषणं, सगळ्याला त्यांचा होकार लागतो. त्यांनी ऐकलं, की बहिणीचा आवाज शिल्लक आहे, आणि लगेच फर्मान काढलं, "शनिवारी शवपेटी मांडवात आली की सगळ्या गावासमोर लावायचा. दुसऱ्या कुणी तिच्यावर खोटंनाटं बोलण्यापेक्षा तीच बोलू दे."

"मामा, ते माझ्यासाठी आहे," ओतुबेआ हळूच म्हणाली.

"तू कोणाची? कुळाची. मग ते कुळाचं झालं." विषय संपला.

त्याच दुपारी बायका मागच्या अंगणात उकडलेले कंद उखळात घालून फुफू कुटत होत्या, आणि मामा आपलं काम तपासायला लॅपटॉपसमोर येऊन बसले. चष्मा पुसला. माझं नाव वाचलं आणि त्यांच्या कपाळाची शीरच उठली. "रेकॉर्डिंग चौदा? माझी बहीण काय चौदा नंबरचा डबा आहे?"

त्यांची बाजूही समजून घ्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव अर्धवट घेणं म्हणजे अपमान. चौकाचौकात लागणाऱ्या पोस्टरवरसुद्धा मानाची पदवी, बाप्तिस्म्याचं नाव, घरचं नाव, बापाचं नाव आणि शेवटी 'ऊर्फ' लिहून लोकांनी ठेवलेलं नाव, सगळं यायलाच हवं. मामांनी माझं नाव टोकापासून टोकापर्यंत निळं केलं, शेपटासकट पुसून टाकलं आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, नवं लिहिलं, 'दिवंगत मादाम ग्लॅडिस असाबेआ लार्बी ऊर्फ आंटी पाववाली यांचे अखेरचे बोल'.

नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात तसं झालं. पुढे टिंब नाही की शेपूट नाही.

कॉम्प्युटर बिचारा भला. त्याने चौकट पुढे करून विचारलं, की बाबा रे, हे शेपूट काढलंस तर फाईल उघडणार नाही कदाचित, नक्की काढायचं का? मामांनी चष्म्यावरून त्या चौकटीकडे असं पाहिलं, की मला तिचीच दया आली. "मला विचारतोस? नक्की का म्हणून?" आणि 'हो' दाबलं.

त्या क्षणी माझ्या अंगावरचं सुरांचं चित्र गेलं आणि मी कोरा पांढरा कागद झाले. ना शेंडा ना बुडखा. पोटातलं सगळं जिथल्या तिथे होतं हो, एक अक्षर हललं नव्हतं! पण मला हाक कशाने मारायची हेच कॉम्प्युटर विसरला. शेपूट म्हणजे आमची बोली. मी गाण्याच्या जातीची, चित्राच्या की मजकुराच्या, हे त्याला त्यावरूनच कळतं.

गुरुवारी ओतुबेआने धीर केला. "उद्यापरवा सगळ्या गावासमोर ऐकायचं, त्यापेक्षा आज एकटीने ऐकते," असं म्हणून तिने अखेर टिचकी मारली. माझा जीव हरखला. आणि कॉम्प्युटर म्हणतो कसा, ही कशाने उघडू ते तुम्हीच सांगा!

तिने पुन्हा मारली. तेच उत्तर. तिसऱ्यांदा मारली, तीही वाया.

तिने मावसभावाला हाक मारली. हा क्वेकू, लग्नात आणि मयतीत मोठमोठे भोंगे लावायचा त्याचा धंदा, त्यामुळे आवाजाचं काही असलं की ह्यालाच पुसायचं. "त्यात काय!" म्हणाला आणि पुढे आलेल्या यादीतलं पहिलंच नाव दाबलं. ते निघालं पत्रं टंकायचं. आता पत्रवाल्याला माझी भाषा काय कळणार? त्याने माझं पोट फाडून पडद्यावर ओतलं. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं, पानंच्या पानं.

कम्फर्टमावशी मागून डोकावली आणि तिने छातीवर हात मारला. "अगं बाई! ही तर अन्य भाषा! पवित्र आत्मा बोलतोय माझ्या बहिणीच्या मुखातून!" आणि तिथेच गुडघे टेकून तिने प्रार्थना सुरू केली. शेजारच्या दोघी बायका आल्या, त्यांनीही डोळे मिटले.

"मावशी, हा आत्मा नाही, गोंधळ आहे," ओतुबेआ म्हणाली.

"तुला काय कळतंय? मास्तरीण झालीस म्हणून सगळंच वाचता येतं का?"

क्वेकूने डोकं खाजवत पत्र बंद केलं. नशीब माझं, बंद करताना 'जतन करू का' ह्याला तो 'नको' म्हणाला. नाहीतर आज ही गोष्ट सांगायला मी राहिलेच नसते.

शुक्रवारी वरात निघाली गाड्यांच्या तळावर, मास्टर लॉरेन्सच्या दुकानात. दुकानाची पाटी, 'वेळ देवाच्याच हाती कॉम्प्युटर्स'. ओतुबेआ, क्वेकू आणि हट्टाने बरोबर आलेले मामा, तिघं बाकावर बसले. लॉरेन्स मनाने चांगला माणूस, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर ठरलेलीच औषधं. आधी मशीन बंद करून चालू केलं. मग विषाणू शोधले. सापडलेही, पण ते क्वेकूच्या गाण्यांच्या पेनड्राईव्हमध्ये. मग मला दुसऱ्या मशीनवर नेलं. तिथेही मी कोराच कागद. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि भुईचं अंग माझं.

"ताई, ही फाईल खराब झालीय," शेवटी लॉरेन्स म्हणाला. "टाकून द्या. नवी करून घ्या."

"नवी?" ओतुबेआ म्हणाली. "तिच्यात माझी आई आहे, मास्टर. ती नवी कुठून करून आणू?"

लॉरेन्सने मान खाली घातली. बाहेर गाड्यांचे मेट, म्हणजे आमच्याकडचे कंडक्टर, ओरडत होते, "अक्रा, अक्रा, अक्रा!"

"एक उपाय आहे," तो म्हणाला. "दुरुस्तीचा प्रोग्राम चालवतो. तो तिच्यावरच नवं लिहीत जातो. वाचली तर वाचली, नाहीतर..." पुढचं त्याने हातानेच सांगितलं.

"चालवा!" मामा म्हणाले. "उद्या सकाळी मांडवात माणसं येणार. वेळेवर गाडी सुटली पाहिजे."

लॉरेन्सचं बोट कळीवर गेलं. सांगते तुम्हाला, मला घाम फुटत नाही, पण त्या वेळी फुटला असता.

"थांबा," ओतुबेआ उठून उभी राहिली. "मास्टर, थांबा जरा. तमालेला माझ्या वर्गात अधूनमधून दक्षिणेकडचं एखादं पोर येतं. दिवसच्या दिवस तोंड उघडत नाही. बाकीचे मास्तर म्हणतात, ठोंब्या आहे, खालच्या वर्गात बसवा. मी आधी त्याला विचारते, बाळा, तू कुठल्या गावचा? घरी काय बोलता तुम्ही? त्याच्या बोलीत एक शब्द बोलले, की पोपटासारखं बोलायला लागतं. आपण हिला काल सकाळपासून झोडपतोय. ही आली कुठून ते कुणी बघितलं का?"

अगं पोरी! मला हात असते तर तुझी अलाबला घेतली असती.

तिने पिशवीतून आईचा फोन काढला, तारेने मशीनला जोडला. माझी भावंडं ओळीने पडद्यावर उभी राहिली. अर्धं गाणं, खिशातली खसखस, "हॅलो, हॅलो". आणि प्रत्येकाच्या मागे टिंब आणि तेच तीन खुणांचं शेपूट. ओतुबेआने सगळ्यांवरून बोट फिरवलं, मग माझ्यावर आणून थांबवलं.

"ह्या सगळ्यांना शेपूट आहे. हिचं कुठे गेलं?"

लॉरेन्सने कपाळावर हात मारला. क्वेकूने मामांकडे पाहिलं. मामा दुकानाच्या छपराकडे पाहत होते, जणू तिथे गाड्यांचं वेळापत्रक टांगलंय.

"मामा?"

"त्याने विचारलं होतं खरं," मामा छपराला म्हणाले.

"कोणी? काय विचारलं होतं?"

"नक्की का, म्हणून."

"मग?"

"मग काय! मी जन्मात कधी 'नक्की नाही' असं म्हटलंय का?" आणि मग आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, ती टिंबाची घाण आहे. नाव स्वच्छ करत होतो गं. धाकटी बहीण माझी."

ओतुबेआला रागवायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आधी क्वेकू फुटला, मग लॉरेन्स, आणि शेवटी तीही हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मामा तेवढे ताठ बसून होते.

लॉरेन्सने भावंडांचं शेपूट वाचून तसंच्या तसं मला लावलं. "नाव तेवढं राहू द्या हो," मामांनी विनवलं, म्हणून ते अखंड लचांड राहिलं. आजही तेच आहे. शेपूट लागलं आणि माझ्या अंगावर सुरांचं चित्र परत आलं. ओतुबेआने टिचकी मारली. भोंगा वाजला, धुरळा उडाल्याचा आवाज आला, कुणीतरी घसा खाकरला.

"ओतुबेआ, ऐक गं..."

आणि वीज गेली.

लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, तारेवरच जगायचा तो. पडदा काळा. साऱ्या तळावरून एकच "आऽऽ!" उठलं. लॉरेन्स म्हणाला, आज आता येत नाही वीज, उद्या तुमच्या मांडवात जनरेटर असेल तेव्हाच काय ते. ओतुबेआने लॅपटॉप पोटाशी घेतला आणि घरची वाट धरली. आईच्या त्या तीन शब्दांत राग होता की नव्हता, हेच ती मनात उलटसुलट करत असणार. तीन शब्दांवरून मलाही नसतं सांगता आलं.

शनिवार उजाडला. रस्त्याच्या कडेने मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, लाल-काळ्या कापडातली माणसं. रस्त्यावरच्या सगळ्या पाववाल्या आल्या होत्या. पाट्या मांडवामागे ठेवून हात जोडून बसल्या. शवपेटीच्या पायाशी बाईंच्या चार वस्तू मांडल्या होत्या. त्यांत एक रुंद काठाची, कोरी करकरीत पिवळी टोपी. भट्टीशेजारच्या खिळ्याला लटकलेली सापडली होती. "ही कुणाची? असाबेआ आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन हिंडली, ती टोपी कुठे घालणार?" असं मामा कुरकुरले होते, पण घरातली वस्तू म्हणून ठेवू दिली.

घरच्यांपैकी कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. माती दिल्याशिवाय जेवायचं नाही ही कुळाची रीत, आणि मामा रीतीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. ओतुबेआ पहिल्या रांगेत बसली होती. चेहरा असा, की वर्गात निकाल वाचून दाखवताहेत आणि आपला नंबर यायचाय.

क्वेकूने आपले माणसाएवढे भोंगे रस्त्याकडे तोंड करून लावले होते, आणि मला सुरू केलं.

"ओतुबेआ, ऐक गं," आंटी पाववालीचा आवाज सगळ्या न्सावामवर पसरला. मांडवात शहारा आला. "मी तुला सांगणार होते, की परवा तू फोनवर जे म्हणालीस ना... अगं, थांब हं, गाडी आली! आलेच!"

आणि बाई गेल्या की हो धावत! फोन खिशात, लाल बटण तसंच चालू. मी सांगत नव्हते ते हेच. माझ्या पोटात भाषण नाही, निरोप नाही, एक अख्खी सकाळ आहे.

"पाव! गरम पाव! साखरेचा घ्या, लोण्याचा घ्या! काय रे ड्रायव्हर, बायकोनं हाकललं का उपाशी? घे, हा मोठा घे! अरे पुढे कुठे पळवतोस, पैसे कोण देणार, तुझा सासरा?"

मांडवात हुंदके चालू होते, त्यांत हसू मिसळलं. आणि तेवढ्यात खरोखरच्या रस्त्यावर कर्रकन ब्रेक लागला. कुमासीकडे निघालेली उतारूंची एक व्हॅन थांबली. खिडक्यांतून सवयीने हात बाहेर आले. दारात लटकलेला मेट ओरडला, "आंटी, इकडे दोन! लोण्याचे!" तिच्या मागे दुसरी गाडी थांबली, तिच्या मागे मालाची लॉरी. एक पाववाली तर लाल-काळ्या वेषातच दचकून उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि गाडीकडे चार ढांगा धावली सुद्धा; मग मध्येच थांबून तोंडावर हात घेऊन उभी राहिली.

मेटला मग मांडव दिसला. पेटी दिसली. पेटीवरचा फोटो दिसला. त्याने टोपी काढली आणि ड्रायव्हरला खूण केली. इंजिन बंद झालं. मागच्याचं झालं, लॉरीचं झालं. तो रस्ता असा गप्प झालेला मी कधी ऐकला नव्हता. फक्त बाई पाव विकत होत्या.

बऱ्याच वेळाने धाप टाकल्याचा आवाज आला, खिसा खसखसला.

"अगं बाई, हे मेलं चालूच आहे का? ओतुबेआ? आहेस ना? हं. आता काय सांगणार होते ते सगळं गेलं डोक्यातून. जाऊ दे. हे बघ, पाव विकणं काही मी सोडायची नाही. पण ऊन लागतं म्हणालीस ना, म्हणून टोपी घेतलीय मी. पिवळी. आता पाटीवर टोपी घालायची की टोपीवर पाटी, ते बघते उद्या." इथे बाई खुदकन हसल्या. "मला ठाऊक आहे, तू रागावलीयस. मीही जरा जास्तच बोलले. सोड आता राग, मास्तरीणबाई. जेवलीस का?"

आणि मी संपले. तेवढीच आहे मी.

ओतुबेआ उभी राहिली. सगळं गाव बघत होतं, रस्त्यावरच्या गाड्या बघत होत्या. पण ती फक्त पेटीकडे बघत होती.

"नाही जेवले, आई," ती म्हणाली. लहान पोरीसारखी मोठ्याने रडत म्हणाली. "नाही गं जेवले."

मग ओफेईमामा उठले. हळूहळू त्या थबकलेल्या पाववालीपाशी गेले, तिच्या पाटीतून लोण्याचा पाव उचलला आणि भाचीच्या हातात ठेवला. मावशी घाईने म्हणाली, "दादा, अजून माती दिली नाही! रीत..."

"रीत मला ठाऊक आहे," मामा म्हणाले. "आईने विचारलंय. खा, पोरी."

"नक्की का, मामा?" डोळे पुसत ओतुबेआने विचारलं.

"नक्की," मामा म्हणाले.

ती पिवळी टोपी डोक्यावर घालून, पेटीशेजारी उभ्या उभ्या, तिने तो पाव सगळा खाल्ला. मग ड्रायव्हरांनी इंजिनं चालू केली आणि भोंगे वाजवत वाजवत गाड्या कुमासीकडे गेल्या.

आज माझं उत्तम चाललंय. मी आता एकटी नाही. तमालेच्या लॅपटॉपवर मी आहे, क्वेकूच्या पेनड्राईव्हमध्ये आहे, त्या मेटच्या फोनमध्ये आहे, आणि त्याच्यापासून कितीजणांकडे गेले ते मलाच माहीत नाही. भट्टी कम्फर्टमावशी चालवते. तिचा आवाज अगदीच बारीक, म्हणून ती रस्त्याकडेला एक छोटा भोंगा ठेवते आणि सकाळी मला लावते. गाड्या अजून थांबतात. ओतुबेआ सुट्टीत आली की पिवळी टोपी घालून मावशीसोबत रस्त्यावर उभी राहते. शाळेतली माणसं दिसली की त्यांना हाक मारून पाव घ्यायला लावते.

तेव्हा, बाबांनो, तुमच्याकडची एखादी फाईल तोंड उघडत नसेल तर तिला आपटू नका, आणि कुणी सांगितलं म्हणून टाकूनही देऊ नका. आधी विचारा, तू कुठून आलीस, तुझी भावंडं कशी दिसतात. नाव काय हवं ते ठेवा, हातभर ठेवा, आमच्या मामांसारखं 'ऊर्फ' लावून ठेवा. शेपटाला तेवढं बोट लावू नका. कॉम्प्युटरने 'नक्की का' म्हटलं तर त्यात अपमान मानू नका. आणि तुमच्यासाठी कुणी काही बोलून ठेवलं असेल तर घाबरून दिवस ढकलत बसू नका. बहुतेक वेळा आत टोपी आणि पावच असतो.

अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण... थांबा हं, गाडी आली. आलेच!